तुम्ही विचारलेत म्हणून: ‘७७७ देऊन मोकळे का होत नाही?’

अपाची या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये अलायसची एक ओळ लिहिली, मार्ग दोनदा तपासला आणि तरीही ब्राउझरवर ४०३ (प्रवेश नाकारला) आला, की मला एकच प्रश्न विचारला जातो: एवढ्याशा कामाला इतका वेळ का, फोल्डरला ७७७ (म्हणजे सर्वांना वाचण्याची, बदलण्याची, चालवण्याची पूर्ण परवानगी) देऊन मोकळे का होत नाही? तोंडी उत्तर देऊन मी थकलो आहे, म्हणून लिहितो.

अलायस वेबचा पत्ता आणि डिस्कवरचे फोल्डर यांची सांगड घालतो. परवानगी देणे हे त्याचे काम नव्हे. अपाचीच्या आवृत्ती २.४ मध्ये त्या फोल्डरसाठी सेटिंगमध्ये डिरेक्टरीचा वेगळा विभाग लिहून त्यात ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ (सर्वांना प्रवेश) द्यावे लागते, आणि तिथे वेबचा पत्ता नव्हे तर डिस्कवरचा खरा मार्ग लागतो. ते राहिले असेल तर एरर लॉग, म्हणजे अपाचीची चुकांची नोंद, ‘क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन’ (सर्व्हरच्या सेटिंगनेच प्रवेश नाकारला) असे स्वच्छ सांगतो. तो लॉग उघडण्याआधीच ७७७ सुचवले जाते, याचा मला खरोखर त्रास होतो.

एका शिक्षणसंस्थेच्या सर्व्हरवर निकालाच्या पीडीएफ फायली एका कर्मचाऱ्याच्या होम फोल्डरमधून ‘एमव्ही’ या आज्ञेने एसआरव्ही या फोल्डरखालच्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या. विद्यार्थी खोळंबलेले, फोन वाजत होते. डिरेक्टरीचा विभाग बरोबर होता. लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ दिसत होते, म्हणून मी ‘नेमआय -एल’ या आज्ञेने मुळापासूनच्या प्रत्येक फोल्डरची परवानगी पाहिली, कुठेही अडथळा नव्हता. मी पुढचे तपासत असतानाच कोणीतरी घाईने वरच्या फोल्डरपासून आतपर्यंत सगळीकडे ७७७ देऊन टाकले. ४०३ जागचा हलला नाही. हलणारही नव्हता, कारण लेबले दाखवणारी ‘एलएस -झेड’ ही आज्ञा दिल्यावर फायलींवर अजून ‘युजर होम टी’ हे होम फोल्डरचे लेबल दिसले. साध्या परवानगीशिवाय एसईलिनक्स ही लिनक्सची सुरक्षाव्यवस्था लेबल पाहूनही प्रवेश ठरवते, आणि ‘एमव्ही’ जुने लेबल सोबत घेऊन येतो. ‘सेमॅनेज’ने ‘एचटीटीपीडी सिस कंटेंट टी’ या, वेब सर्व्हरला वाचता येणाऱ्या लेबलचा नियम घातला, तो फायलींना लावणारा ‘रिस्टोअरकॉन’ चालवला, आणि निकाल उघडले.

पण त्याच वरच्या फोल्डरमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिगरेशनची फाइलही होती. आता ती सर्व्हरवरच्या प्रत्येक खात्याला वाचता येत होती आणि बदलताही येत होती. ‘सीएचमॉड’ या परवानगी बदलणाऱ्या आज्ञेला मागे फिरण्याची सोय नाही, कोणत्या फाइलला आधी काय परवानगी होती, हे बॅकअपशी एकेक करून ताडावे लागले, आणि पासवर्ड बदलावा लागला तो वेगळाच. निकाल लागल्यावर सगळे घरी गेले. हे काम मागे राहिले.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. एसईलिनक्स सरळ बंद करावे, असे मीही पूर्वी आग्रहाने म्हणत असे, आणि त्या मतामागे निव्वळ आळस होता असे मला आजही वाटत नाही: नकार एसईलिनक्सने द्यायचा, अपाचीच्या लॉगमध्ये मात्र साध्या परवानगीची तक्रार दिसायची, आणि खरे कारण ऑडिट लॉग या वेगळ्याच नोंदीत दडलेले असायचे, ही रचना माणसाला चकवणारीच आहे. निदानापुरते ‘सेटएनफोर्स ०’ करून, म्हणजे एसईलिनक्सची सक्ती थोडा वेळ थांबवून, पाहणे मला आजही गैर वाटत नाही. माझ्या एका सहकाऱ्याला चालू सर्व्हरवर तेवढेही मान्य नाही; तेवढ्या वेळात काय आत शिरेल, असे तो विचारतो. त्याला पटेल असे उत्तर मी अजून देऊ शकलेलो नाही, आणि त्याचे म्हणणेही मला पूर्ण पटलेले नाही.