दसऱ्याच्या आत पाहिजे असलेला कागद

जुने कागद दुरुस्त करायचं काम करते मी, पुण्यात, चौदा वर्षं झाली. बहुतेक मोडी दफ्तरं, वंशावळी, जमिनीचे कागद. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आठ दिवस आधी साताऱ्याकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले, वय ८८, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम, आणि ती हातातून सोडायला तयार नाहीत.

"ताई, ह्ये आमच्या वडलांचं मानपत्र. जर्मनच्या लढाईत मिळाल्यालं. दसऱ्याला शस्त्रांसंगं पूजतो आमी. वाळवी लागलीया, दसऱ्याच्या आत करून द्या."

जर्मनची लढाई म्हणजे पहिलं महायुद्ध. वडील आणि थोरले चुलते दोघंही इंग्रजांच्या मराठा पलटणीत होते, दोघंही बसऱ्याकडे, आजच्या इराकात, गेलेले. वडील परत आले, चुलते तिथल्याच कूटला तुर्कांच्या वेढ्यात अडकले आणि आलेच नाहीत. गावच्या शाळेच्या भिंतीवर पाटी आहे म्हणाले, ह्या गावातून इतके लढाईला गेले, इतके मेले, अशी. तशा पाट्या आपल्याकडे गावोगाव आहेत, मी स्वतः कोकणात पण पाहिल्यात.

फ्रेम उघडली तर काच कागदाला चिकटलेली, मागून पिवळा पडलेला सेलोटेप, आणि पुढं वर्षानुवर्षांचं हळदकुंकू. कापराची काजळी मऊ ब्रशनं हळूहळू उतरवली. शाई फुटते का बघायला एका अक्षरावर थेंबभर पाणी ठेवून वर ब्लॉटिंग पेपर दाबला, नाही फुटली, छापील होती. अक्षरं अरबी. मला अरबी येत नाही पण मानपत्राला खाली नाव असतं, शिक्का असतो, हा तर वरपासून खालपर्यंत दाट मजकूर, गर्दीला वाचून दाखवायचा असावा तसा. कॅम्पातले एक रिटायर्ड सर अरबी वाचतात, त्यांना फोटो पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. म्हणाले ह्यात बगदाद आहे, ते बुडवणारा मंगोल हुलागू आहे, खाली इंग्रजांचा जनरल मॉड आहे, हा कागद तुमच्या आजोबांच्या वडलांसाठी नाहीच, बगदादच्या लोकांसाठी आहे.

मग माझ्या लक्षात आलं. ११ मार्च १९१७ ला इंग्रजांनी तुर्कांकडून बगदाद घेतलं आणि १९ मार्चला मॉडच्या नावानं शहरात जाहीरनामा काढला. मजकूर प्रसिद्ध आहे: आमच्या फौजा तुमच्या मुलखात जेते किंवा शत्रू म्हणून आलेल्या नाहीत, मुक्तिदाते म्हणून आल्यात. हुलागूच्या काळापासून तुम्ही परक्यांच्या जुलमाखाली आहात, तुमचे वाडे पडले, बागा उजाड झाल्या. नाव मॉडचं पण मसुदा इंग्रज मुत्सद्दी मार्क साइक्सचा. हाच तो साइक्स, ज्यानं वर्षभर आधी, मे १९१६ मध्ये पक्क्या झालेल्या गुप्त करारात फ्रान्सच्या पिकोबरोबर बसून अरबांचा मुलूख इंग्लंड आणि फ्रान्समध्ये वाटून घेतला होता, नकाशावर अक्कापासून किर्कुकपर्यंत रेघ ओढून. म्हणजे वाटणी करणारा आणि "आम्ही सोडवायला आलोय" लिहिणारा हात एकच. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं, पण तो कागद चिमट्यात धरून माहीत होणं वेगळं. त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि तुर्क तरी काय. कूटच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, त्यांनी आपल्या शिपायांच्या खंदकांकडे हिंदुस्थानी भाषांत छापलेली पत्रकं टाकली होती, साहेबांना मारा, आमच्याकडे या, चांगलं वागवू. शेवटी १३,००० च्या आसपास माणसं शरण गेली, त्यात बहुतेक हिंदी, आणि त्या कैद्यांचे वाळवंटातून चालवत नेताना जे हाल झाले त्यात हजारो मेले. नोव्हेंबर १९१७ मध्ये रशियात नुकतीच सत्ता घेतलेल्या बोल्शेविकांनी तो गुप्त करार छापून टाकला तेव्हा सीरियाकडचा तुर्की सेनापती जमाल पाशा यानं बैरूतमध्ये भाषण करून अरबांना सांगितलं, बघा इंग्रजांनी तुम्हाला कसं फसवलं. बोलला ते खरं होतं. पण ह्याच जमालनं ६ मे १९१६ ला बैरूत आणि दमास्कसमध्ये अरब पुढाऱ्यांना फासावर चढवलं होतं. इंग्रज आणि तुर्क, एकमेकांविषयी दोघंही खरं सांगत होते, स्वतःविषयी नाही, आणि मला ह्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

चार दिवसांनी आजोबा आले. खोटं बोलून त्यांना कागद परत द्यायचा हे मला जमणारं नव्हतं. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हटलं आजोबा, हे मानपत्र नाही. मग मजकुराचं मराठी केलेलं ते वाचून दाखवायला लागले. एका ओळीपाशी त्यांनी हात वर केला.

"परत वाच."

"तुम्ही न मागितलेल्या लढायांत तुमची पोरं ओढून नेली गेली, तुमची संपत्ती लुटून दूरदेशी उधळली गेली."

"ह्ये आमच्याबद्दल लिवलंय?"

मी म्हटलं नाही आजोबा, तुर्कांनी अरबांची पोरं नेली त्याबद्दल आहे, अरबांना इंग्रज सांगतायत. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. नातू म्हणाला आबा जाऊ दे, तर त्याला हातानंच थांबवलं. मग विचारलं, त्या लोकांना तरी सोडवलं का शेवटी? मी सांगितलं, १९२० मध्ये इराक मँडेट म्हणून, म्हणजे कारभार बघायला सोपवलेला मुलूख म्हणून, इंग्रजांकडेच आला, लोक उठले, आणि ते बंड मोडायला परत इथूनच पलटणी नेल्या. आजोबा फक्त "हां" म्हणाले.

मला वाटलं कागद इथंच सोडून जातील. नाही गेले. फाटलेल्या घड्या मी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून सांधल्या होत्या, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं कुंकू का ठेवलंय. म्हटलं ते तुमच्या घरचं आहे, मी काढलं नाही.

"बरं केलंस. शस्त्रांसंगं नगं आता. पेटीत ठिवतो. पर तुझं मराठी बी द्यायचं बरूबर."

मी मराठी मजकूर कागदावर लिहून त्याच फोल्डरमध्ये घातला. फोल्डरवर पेन्सिलनं नोंद केली: जाहीरनामा, बगदाद, १९ मार्च १९१७, भाषा अरबी. आजोबा म्हणाले खाली अजून एक ओळ घाल, म्हणून त्यांनी सांगितली तशीच घातली. थोरले चुलते कूटला गेले ते परत आले नाहीत.