पुढच्या डेकवर जावं लागू नये म्हणून

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी यारमथहून घरी यायला निघालो तेव्हा आधीच तासभर उशीर झाला होता. यारमथ म्हणजे आइल ऑफ वाइट बेटाच्या पश्चिमेकडचं छोटंसं बंदर, पलीकडे इंग्लंडच्या किनाऱ्यावर हर्स्ट कॅसल, आठव्या हेन्रीने १५४० च्या दशकात बांधलेला, आणि मधली सोलेंट नावाची सामुद्रधुनी तिथे इतकी अरुंद की उधाणाच्या दिवशी पाणी चार नॉट्सच्या, म्हणजे ताशी चार सागरी मैलांच्या, वर धावतं, आणि आमची बोट इंजिनवर जेमतेम पाच करते. ओहोटी लागलेली, म्हणजे पाणी पश्चिमेकडे चाललेलं, आणि वारा नेमका पश्चिमेकडून. मालवणात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको, वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि छोटी होडी नुसती आपटत राहते.

वारा वाढला म्हणून पुढचं शीड थोडं गुंडाळायला घेतलं, तीन फेरे झाले आणि दोरी अडकली. ओढून पाहिली, सैल सोडून पुन्हा ओढली, काही नाही. शीड जवळजवळ पूर्ण उघडं, वारा २५ नॉट्सच्या आसपास, नऊ वर्षांची मुलगी कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या बसायच्या उघड्या जागेच्या, कोपऱ्यात लाइफ जॅकेट घालून गप्प बसलेली. नवरा सुकाणूवर होता म्हणून मीच पट्टा अडकवून रांगत पुढे गेले. त्याने बोट थोडी वळवली म्हणजे पुढचं शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला आलं आणि त्याचा जोर कमी झाला, मग मी गुडघ्यावर बसून स्क्रू ड्रायव्हरने तो गुंता सोडवला. पाचेक मिनिटं लागली असतील. त्या पाच मिनिटांत दोनदा लाट अंगावरून गेली आणि मागे वळून पाहिलं की मुलीचा चेहरा दिसायचा. त्या रात्री घरी येऊन आम्ही दोघांनी ठरवलं की पुढच्या सीझनच्या आधी हे सगळं बदलायचं, कुणालाही पुढच्या डेकवर जावं लागू नये.

ज्यांनी शिडाची बोट जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्वी पुढचं शीड वर चढवायचं आणि वारा वाढला की पुढे जाऊन उतरवायचं, लहान शीड लावायचं. आता बहुतेक बोटींवर फरलर असतो. पुढच्या तारेभोवती एक लांब पन्हाळीसारखी पट्टी, तिच्यात शीड सरकवलेलं, आणि खाली एक ड्रम. ड्रमवर दोरी गुंडाळलेली असते, ती कॉकपिटमधून ओढली की ड्रम फिरतो आणि शीड चिकाच्या पडद्यासारखं तारेभोवती गुंडाळलं जातं. जेव्हा शीड उघडतं तेव्हा दोरी उलट ड्रमवर जाते. इतकं साधं आहे, पण अख्खी भिस्त त्या एका दोरीवर.

आमची बोट वेस्टरली सेंटॉर, २६ फुटी, १९६९ ते १९८० च्या दरम्यान या जातीच्या २,४०० च्या वर बोटी बनल्या आणि सोलेंटमध्ये अजून जागोजागी दिसतात. तळाला दोन कील, म्हणजे खाली उतरलेले जड पंखे, असल्यामुळे ओहोटीला चिखलात सरळ उभी राहते, म्हणून स्वस्तातल्या धक्क्यावर ठेवता येते. आमची त्यातली बऱ्यापैकी म्हातारी, आणि तिच्यावरची दोरी तर १० मिलिमीटर जाड, उन्हाने ताठ झालेली, वर केसाळ झालेली.

ऑक्टोबरमध्ये बोट यार्डात क्रेनने वर काढली आणि पहिल्याच शनिवारी ड्रमसमोर पोटावर झोपून मी अर्धा तास नुसतं पाहत बसले. मुलीला मागून दोरी ओढायला सांगितली. तेव्हा दिसलं. दोरी ड्रमकडे जाते त्याआधीची पहिली कप्पी रेलिंगच्या खांबावर फार खाली बसवली होती, म्हणजे दोरी ड्रममध्ये तिरकी शिरायची, सगळे फेरे तळाशी एकावर एक चढायचे, आणि वरचा अर्धा ड्रम रिकामाच. त्यात दोरी जाड, म्हणजे जागा आधीच कमी. ताण सैल झाला की वरचा फेरा खालच्यांच्या मधे घुसायचा आणि फास बसायचा. ड्रमच्या खालच्या कडेवर दोरीने घासून घासून चकचकीत खाच पाडली होती, हाताचं बोट फिरवलं तर नख अडकेल इतकी. इतकी वर्षं ती खाच तिथे होती आणि आमच्यापैकी कुणी वाकून पाहिलं नव्हतं.

म्हणजे दोरी कमकुवत होती हा प्रश्नच नव्हता. फरलिंगच्या दोरीवर तसा फार भार येत नाही, जो त्रास होतो तो घासण्याचा आणि चुकीच्या कोनाचा. मी आधी सरळ मजबूत दोरी आणि छोटी विंच, म्हणजे दोरी ओढायचा रहाट, घ्यायच्या विचारात होते, बरं झालं घेतली नाही, कारण विंचने ओढलं असतं तर गुंता सुटला नसता, काहीतरी मोडलं असतं. फरलर हाताने फिरत नसेल तर तो कुठेतरी अडकलाय, मग वर डोलकाठीच्या टोकापर्यंत बघायचं, कधी कधी शीड वर चढवायची दोरीच माथ्यावर तारेला गुंडाळली जाते. जोर लावायचा नाही.

दोरी कुठली घ्यायची यावर मात्र घरात बरेच दिवस चर्चा चालली. ड्रमवर बारीक हवी म्हणजे फेरे नीट बसतील, हातात जाड हवी. बाबांना व्हिडिओ कॉलवर सहा मिलिमीटरचा तुकडा दाखवला तर लगेच म्हणाले, “गे बाय, ही हाताक कापतली. दोर कसो हाताक गावाक व्हयो.” आमचे आजोबा रापणीला जायचे, किनाऱ्यावर तीस-चाळीस माणसं दोन बाजूंना उभी राहून जाळं ओढायची, लहानपणी आम्ही मुलं पण मागच्या टोकाला लोंबकळायचो. आजोबांच्या तळहाताला बोटांच्या मुळाशी एका रांगेत घट्टे होते, भात कालवताना दिसायचे. ओला दोर हातात काय करतो ते बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

उपाय यार्डातल्या शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी सांगितला, सत्तरीच्या पुढचे आहेत आणि अजून एकटे फ्रान्सला जाऊन येतात. डायनीमा या खूप मजबूत कृत्रिम धाग्याच्या गाभ्याची आठ मिलिमीटरची दोरी घ्यायची. तिला दोन थर असतात, आत डायनीमा, वर पॉलिएस्टरची वीण. जेवढी दोरी ड्रमवर जाते तेवढ्या भागावरचं आवरण मोज्यासारखं ओढून काढायचं, राहतो तो पाचेक मिलिमीटरचा गाभा, तोही प्रचंड मजबूत. हातात येणाऱ्या भागावर आवरण तसंच. हे आवरण तिथे हवंच, कारण डायनीमा इतका गुळगुळीत की क्लीटमध्ये, म्हणजे दोरी अडकवायच्या खटक्यात, नुसता धरला तर सुळकन निसटतो. आमच्या शिडाला गुंडाळायला साधारण पंधरा फेरे, वर शिडाच्या दोऱ्यांचे तीन फेरे, म्हणून सहा मीटर सोललं, आणि एकूण दोरी १५ मीटर घेतली. आवरण जिथे संपतं ते टोक निमुळतं कापून गाभ्यात आत ओढायचं आणि वरून मेणाच्या दोऱ्याने घट्ट शिवायचं, या एका जोडाला मला दोन संध्याकाळ लागल्या, पहिला जमला नाही म्हणून उसवला.

पहिली कप्पी वर सरकवली, आता दोरी ड्रमच्या बरोबर मध्यावर काटकोनात शिरते. खांबांवरची जुनी प्लॅस्टिकची कडी काढून बॉल बेअरिंगच्या कप्प्या लावल्या. त्यातल्या तीन एप्रिलमध्ये ब्युलीच्या बोट जंबलमध्ये मिळाल्या, न्यू फॉरेस्टमध्ये भरतो हा, पुण्याचा जुना बाजार डोळ्यासमोर आणा आणि त्यात फक्त बोटींचं सामान घाला, नांगर, दिवे, गंजलेल्या साखळ्या, कुणाच्या तरी आजोबांचं होकायंत्र. कॅम क्लीट (दातेरी जबड्याचा क्लीट) आणि केबिनच्या छतावरचे क्लच, म्हणजे दांडी दाबून दोरी पकडणारे खटके, मात्र नवीन घेतले, क्लच स्पिनलॉकचे, ही कंपनी इथलीच, समोरच्या बेटावर काऊजची.

आणि खरं काम इथून पुढे सुरू झालं. जुना क्लीट काढायला पाना लावला तर बोल्टबरोबर काळं पाणी आलं. डेकमध्ये वर-खाली फायबरग्लास आणि क्लीटखाली मधे प्लायवूड. आधीच्या कुणीतरी सरळ भोक पाडून स्क्रू पिळला होता, खाली एवढासा वायसर, भोकाच्या कडेने वर्षानुवर्षं पाणी आत झिरपलेलं, प्लायवूड बोटाने उकरलं तर ओल्या चहाच्या चोथ्यासारखं निघत होतं. त्या क्लीटवर जोरात ताण आला असता तर तो डेकसकट उपटून आला असता.

म्हणून सगळी भोकं नव्याने केली. सहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी १२ चं भोक, वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आतला कुजका भाग कोरून काढायचा, हीटर लावून दोन-तीन आठवडे वाळू द्यायचं, खालून चिकटपट्टी लावायची आणि भोक घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायचं. ते कडक झालं की त्याच्या मधोमध पुन्हा सहाचं भोक. म्हणजे उद्या वरून पाणी शिरलंच तरी ते इपॉक्सीला लागतं, लाकडापर्यंत पोचत नाही. इथल्या थंडीत इपॉक्सी दहा डिग्रीच्या खाली जवळजवळ धरतच नाही, फेब्रुवारीत भरलेलं एक भोक आठवडाभर चिकट राहिलं, ते उकरून एप्रिलमध्ये परत भरलं.

फटीतून पाणी शिरू नये म्हणून सीलंटच्या जागी ब्युटाइल रबराची पट्टी वापरली, राखाडी रंगाची, मळलेल्या कणकेसारखी. भोकाच्या तोंडाला थोडा उतार द्यायचा, बोल्टच्या मानेभोवती त्या पट्टीची वळी करायची आणि वरून बोल्ट अजिबात फिरू न देता खालून नट पिळायचा. एकजण वर डेकवर स्क्रू ड्रायव्हर धरून, दुसरा खाली केबिनमध्ये छताकडे तोंड करून. पट्टी कडेने हळूहळू बाहेर येते, मग थांबायचं, दुसऱ्या दिवशी परत एक पाव फेरा, असं चार-पाच दिवस. मालवणात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की फळ्यांच्या फटीत कापूस आणि राळ ठोकताना पाहिलंय, ते काम करणारी माणसंही अशीच कधी घाई करायची नाहीत. वायसरच्या जागी खालून पाच मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या दिल्या, आणि स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियमला लागतो तिथे मधे पेस्ट लावली, नाहीतर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. या पट्ट्या कुणाला दिसणार नाहीत, वरून छताचं अस्तर आलं, पण माझा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे. एकूण खर्च ३०० पौंडांच्या आत बसला, मजुरी आमचीच.

मेमध्ये बोट पाण्यात गेली. एक सवय मात्र नव्याने लावून घ्यावी लागली, शीड उघडताना फरलिंगची दोरी मोकळी सोडायची नाही, हाताने थोडा ताण ठेवत सोडायची, म्हणजे ड्रमवर फेरे घट्ट बसतात. हे काम मुलीने स्वतःहून मागून घेतलं. परवा सोलेंटमध्येच कॅलशॉटच्या बाहेर वारा १८ वर गेला तेव्हा तिने बसल्या जागेवरून दोन हातांनी शीड अर्धं गुंडाळलं आणि क्लीटमध्ये दोरी अडकवून पुन्हा सफरचंद खायला लागली. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले.

काल रात्रभर पाऊस होता, म्हणून सकाळी केबिनमध्ये छताचं अस्तर काढून प्रत्येक बोल्टखाली टिश्यू पेपर दाबून पाहिला. अकरा कोरडे, क्लचच्या उजव्या बाजूचा बारावा किंचित ओला. तो येत्या शनिवारी परत उघडायचाय, पट्टी बहुतेक तिथे कमी पडली.