पाच म्हणजे नापास

१८ मार्च २०२५, मंगळवार. ड्रेस्डेन, जर्मनी

प्रिस्ट्रेस्ड काँक्रीट, म्हणजे आत ताणलेल्या तारा असलेलं काँक्रीट, या विषयाचा निकाल लागला. ५.०.

घरी सांगायचं तर आधी ५.० म्हणजे काय तेच समजवावं लागेल. इथं गुण उलटे मोजतात. १.० अव्वल, ४.० काठावर पास आणि त्यानंतर थेट ५.०. मधे काहीच नाही, त्यामुळे 'थोडक्यात गेला' असं म्हणायचीही सोय नाही. गेल्या वर्षी याच मोजपट्टीवर माझा सांगलीचा ८.४ सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुण, बसवला होता. दहातून ८.४ वजा, उरेल त्याला सहानं भागायचं, तिनानं गुणायचं, एक मिळवायचा. आले १.८. बाबांनी ते गणित किराणाच्या पावतीमागं तीनदा केलं आणि "म्हणजे चांगलंच की," म्हणून पावती खिशात घातली.

सांगलीत कॉलेजात असताना आम्ही 'विषय राहिला' म्हणायचो. किती सोसवणारा शब्द! राहिला, म्हणजे मागं राहिलाय, पुढच्या सेमिस्टरला उचलून घेऊ. एटीकेटी लागलेल्याला चहाला न्यायचं, बिल त्यालाच भरायला लावायचं, विषय संपला. इथं मोजून तीन संधी. पहिली गेली. दुसरी वर्षाच्या आत द्यायची. तिसरीसाठी अर्ज करावा लागतो, आणि तीही गेली तर कोर्सच जातो. व्हिसा शिकण्यासाठी आहे, त्यामुळे पुढचं सांगायला नको.

रात्री आईचा मेसेज, "निकाल कधी?" मी लिहिलं, "लागेल." लागून आठ तास झाले होते.

२१ मार्च

का नापास झाले ते मला पक्कं माहीत आहे. पार्सलच्या गोदामात जास्त पाळ्या केल्या.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा आत्यानं आणलं, आणि ते खोटं नाही. सरकारी विद्यापीठ, फी नाही, सेमिस्टरची वर्गणी तीनशे युरोंच्या आत-बाहेर आणि तिच्यातच ट्रामचा पास. पण व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधी इथल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून दाखवावा लागतो. मी अर्ज केला तेव्हा ती रक्कम ११,२०८ युरो होती. १ सप्टेंबरपासून ११,९०४ झाली, म्हणजे तेवढं नशीब म्हणायचं. रुपयात दहा लाखांच्या वर. दर महिन्याला त्यातले ९३४ मला मिळतात. आपलेच पैसे, पण हातखर्चासारखे मोजून. खोलीभाडं, विम्याचे एकशे चाळीसच्या वर, फोन, भाजी. भागतं. खरंच भागतं.

भागत नव्हतं ते वेगळंच. ब्लॉक्ड अकाउंटमधले ते पैसे कर्जाचे. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हणजे तारण आलं, आणि तारण म्हणजे सांगलीच्या गावभागातलं घर. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. ते आत्ताच भरलं पाहिजे अशी बँकेची सक्ती नाही, बाबांची आहे. "व्याज अंगावर ठेवायचं नाही," हे त्यांनी त्यांच्या वडिलांकडून घेतलेलं. दर महिन्याला दहा हजारांच्या आसपास पगारातून जातात. ते मी भरायचं असं मी नोव्हेंबरात परस्पर ठरवून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. बाबा तर नकोच म्हणत होते, पण दोन-तीनदा म्हणून गप्प बसले, आणि त्यांचं ते गप्प बसणं मला होकारासारखं वाटलं.

परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. जानेवारीपासून किमान वेतन तासाला १२.४१ वरून १२.८२ युरो झालं. सहा तासांची पाळी, ७६ युरो ९२ सेंट. दोन पाळ्यांत महिन्याचं व्याज सुटतं. तिथं थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण ख्रिसमसच्या आधी गोदामात माणसं कमी पडतात, रात्रीच्या पाळ्या मागाल तेवढ्या मिळतात, आणि मनातल्या मनात नव्वदनं गुणायची सवय लागली की एका रात्रीचे सात हजार नाकारणं जमत नाही. वर्गात 'प्रिस्ट्रेस लॉसेस' (तारांमधला ताण वर्षानुवर्षांत किती घटतो ते) चालले होते तेव्हा मी मागच्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपत होते.

परीक्षेत नेमका त्यावरच मोठा प्रश्न होता.

२३ मार्च, रविवार

आज दुकानं बंद. एल्बे नदीच्या काठानं कॅरोला पुलापर्यंत चालत गेले. पूल म्हणजे, जेवढा उरलाय तेवढा.

मी इथं ऑक्टोबरच्या सुरुवातीला उतरले. त्याच्या तीन आठवडे आधी, ११ सप्टेंबरच्या पहाटे तीनच्या सुमाराला या पुलाचा ट्रामचा पट्टा नदीत कोसळला होता. शेवटची ट्राम जाऊन काही मिनिटंच झाली होती. कुणाला खरचटलंही नाही. पुढं जानेवारीत राडारोडा काढताना तिथंच दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश बॉम्ब सापडला आणि निम्मं जुनं शहर रिकामं करावं लागलं. या शहराला जुनं काही उकरायचं म्हणजे धास्तीच. फेब्रुवारीत, परीक्षेच्या दिवसांतच, १९४५ च्या बॉम्बहल्ल्याला ८० वर्षं झाली. १३ तारखेच्या रात्री सगळ्या चर्चच्या घंटा एकदम वाजायला लागल्या आणि मी वही मिटून खिडकीत उभी राहिले.

तर पूल. तो प्रिस्ट्रेस्ड काँक्रीटचाच. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून आत पोलादी तारा ताणून बसवतात, म्हणजे वरून गाड्या गेल्या तरी काँक्रीट दाबातच राहतं. १९७१ साली पूल पुरा झाला. त्या तारांना हायड्रोजनमुळं बारीक भेगा पडत गेल्या, आणि त्याची सुरुवात बांधकाम चालू असतानाच झाली होती, असं तपासात निघालं. पन्नास वर्षं ट्रामा धावत राहिल्या. बाहेरून काही दिसत नव्हतं. आता उरलेल्या पट्ट्यांवर आवाज टिपणारे सेन्सर लावलेत. आत एखादी तार तुटली की ती ऐकू येते.

यावरून रूपक करायचा मोह होतोय, पण या विषयात ज्याला ५.० पडलेत त्यानं तरी तो करू नये.

कठड्याशी दोन म्हातारे कुत्र्याला घेऊन नदीकडं बघत उभे होते. मला सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल आठवला. पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" पाणी चाळीस फुटांवर गेलं की सामान माळ्यावर चढायला लागतं, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली ते सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. आमच्या बैठकीच्या खोलीत त्या पुराची रेघ अजून आहे. दोनदा रंग दिला तरी ओल वर येऊन ती पुन्हा उमटते.

कर्जाच्या वेळी बँकेनं पाठवलेला व्हॅल्युअर त्या रेघेपाशी बराच वेळ उभा होता. टेप लावून उंची मोजली, फोटो काढला, आणि घराची किंमत बाबांनी मनात धरली होती त्यापेक्षा पुष्कळ खाली आली. बाबा काही बोलले नाहीत. आजीला मात्र राग आला. घर तिच्या नावावर आहे. ती म्हणाली, "पाणी आलं तसं गेलं. भिंत उभी आहे न्हवं?"

कागदांवर सोळा ठिकाणी तिच्या सह्या. ती सही काढते म्हणजे चित्रच काढते, प्रत्येक अक्षराला श्वास घेऊन. दहाव्या सहीनंतर पेन खाली ठेवून तिनं बँकेच्या साहेबाला विचारलं, "ही पास झाली की कागद परत मिळतील?" तो म्हणाला, "कर्ज फिटलं की, आजी." पण 'पास झाली की' हेच तिच्या डोक्यात बसलं. नंतर शेजारणीला, दूधवाल्याला, सगळ्यांना तिनं तसंच सांगितलं.

आईबाबांना तोंड द्यायला मी भीत नाहीये. पास नाही झाले हे आजीला कोणत्या शब्दांत सांगायचं, एवढ्यासाठी पाच दिवस गेलेत.

३० मार्च, रविवार. पाडवा

आज इथं घड्याळं एक तास पुढं गेली. सांगलीशी अंतर साडेचार तासांवरून साडेतीनवर आलं. त्या घोळात फोन ठरवल्यापेक्षा तासभर उशिरा लावला. तिकडं गुढी कधीच उभी राहिली होती, जेवणाची पानं घ्यायची चालली होती आणि आत्या, काका, त्यांची मुलं, सगळे जमलेले. म्हणजे सांगायला सगळ्यात वाईट वेळ. पण बाबांनी फोन सरळ आजीच्या हातात दिला, आणि तिच्या तोंडाकडं बघून माझ्याच्यानं आणखी एक 'लागेल' म्हणवेना.

"आजी, एका विषयात नापास झाले."

मागून काका, "किती पडले?"

"पाच."

"पाचापैकी?"

कुणीतरी हसलं. मग बाबांचा आवाज आला. तिकडं उलटं असतं, एक म्हणजे पहिला नंबर, पाच म्हणजे नापास, असं ते काकांना समजावत होते. पावतीमागचं गणित त्यांना अजून पाठ होतं. कुठल्या विषयात ते त्यांनी विचारलंच नाही.

आजी स्क्रीनच्या फार जवळ आली होती, नुसतं कपाळ आणि चष्मा दिसत होता. "मग आता बँकेचा माणूस येईल?"

"नाही गं. परत परीक्षा आहे. जुलैत."

"एकाच विषयाची?"

"हो."

"मग साहेबाला कशाला सांगायचं," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "कडुलिंब खाल्लास का?"

"इथं कुठून मिळणार?"

"मग ह्याच्यावरच भागव. यंदाला एवढं कडू पुरे झालं."

आई रडली असावी, कारण ती फोनवर आलीच नाही. बाबा माडीवर गेले, गुढीच्या काठीला टेकून उभे राहिले आणि कामाचं बोलले. पाळ्या किती करतेस? मी खरं सांगितलं. डिसेंबरातला आकडा ऐकून ते गप्प झाले. या वेळी मी त्यांच्या गप्प बसण्याचा काही अर्थ लावला नाही, थांबले. मग म्हणाले, "व्याजाचे पैसे पाठवू नकोस. चढू दे अंगावर."

त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी गोदामात कळवलं, एप्रिलपासून फक्त शनिवार. बाकी आठवडा लॉसेस. तारेला दिलेला ताण किती आणि वर्षानुवर्षांत त्यातला उरतो किती, याची ती लांबलचक बेरीज पहिल्या पानापासून परत सोडवायला घेतली. दोन उदाहरणं झाली. दुसऱ्याचं उत्तर चुकलं.

किचनमधल्या ओव्हनचं घड्याळ अजून जुन्याच वेळेवर आहे. ते पुढं कसं करायचं हे फ्लॅटमधल्या आम्हा चौघांपैकी कुणालाच येत नाही.