भर उन्हाळ्यातला नाताळ

सोलापुरात नाताळ येतो तो वर्षातल्या सर्वांत सुखाच्या हवेत. डिसेंबरच्या अखेरीस पहाटेचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरलेले असते, दुपारचे ऊन अंगाला हवेसे वाटते, शिवारात ज्वारी हुरड्याला येऊ लागलेली असते, आणि मे महिन्यात याच गावाने ४३-४४ अंश सोसले होते हे कोणाच्या ध्यानीही नसते. आमचा फराळ, घरोघरी नाताळगीते गात जाणाऱ्या रात्रीच्या कॅरल फेऱ्या, उपासनेला जातानाचे नवे स्वेटर, हे सारे या थंडीच्या आधारानेच बसवलेले आहे. गेल्या वर्षी मात्र आई, पप्पा आणि मी दादाच्या घरी, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला नाताळ केला आणि तो भर उन्हाळ्यात केला. उन्हाळ्यातला नाताळ बाजारातून न आणता घरी, स्वतःच्या हातांनी करायचा असेल, तर त्यासाठी लागणारी सारी विद्या सोलापूरच्या बायकांकडे आधीपासूनच आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ती मे महिन्यातून उचलून डिसेंबरमध्ये आणायची, एवढेच काम उरते.

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे २१-२२ डिसेंबरला आपल्याकडे वर्षातला सर्वांत लहान दिवस असतो आणि दक्षिण गोलार्धात सर्वांत मोठा, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असते. पण सोलापुरात २५ डिसेंबरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मेलबर्नला तो पावणेनऊच्या सुमारास मावळतो, या फरकाने घरातल्या सणाचा सारा क्रमच बदलतो. तिथे दिवस जवळपास पावणेपंधरा तासांचा असतो, आणि ज्या घरात दारातली चांदणी, म्हणजे नाताळचा ताऱ्याच्या आकाराचा कंदील, अंधार पडल्यावरच लावायची असते त्या घरातली लहान मुले साडेसहापासून आजोबांच्या मागे भुणभुण करू लागतात.

आमच्यासारखी सोलापुरातली अनेक ख्रिस्ती घरे अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली. हे मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झाले, पुढे अहमदनगरला रुजले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरपर्यंत पोचले. त्या मंडळींनी धर्म आणला, शाळा आणल्या. पण नाताळचे ताट मात्र इथल्याच चुलीवर तयार झाले. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, अनारसे, शेव हे दिवाळीचेच पदार्थ आमच्याकडे दोन महिन्यांनी होतात आणि त्यांच्या जोडीला नानकटाई व केक असतो. नानकटाईचे साहित्य घरी मोजून, डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचे, तिथे पत्र्यांवर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवून रांगेत बसायचे आणि गरम पत्रे मोजून घेऊन परत यायचे, हा नाताळच्या आधीच्या आठवड्यातला ठरलेला कार्यक्रम असतो. दिवाळीला शेजारून आलेली ताटे आणि ईदला आलेला शीरखुर्मा यांची परतफेड याच फराळातून होते, त्यामुळे तो मोजून करून भागत नाही.

मेलबर्नला जाण्याची तयारी सोलापुरात ऑक्टोबरपासूनच सुरू झाली. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते, आणि गवत, पेंढा, बियाणे यांच्याबाबतीत तिथले नियम फार कडक आहेत. म्हणून गव्हाणीसाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, दरवर्षी वापरतो तो कडबा नेण्याचा विचार आम्ही सोडून दिला आणि फराळही तिथेच करायचे ठरवले. नेले ते कापड. पप्पांचे आयुष्य कापडाच्या धंद्यात गेले. त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यातून टॉवेल-नॅपकिनच्या काठांची कात्रणे आली: तांबडी, हिरवी, पिवळी, काठाला जाकार्डची बारीक नक्षी असलेली. आईने ती तिकोनी कापून, कडा दुमडून, जुन्या नाडीवर शिवली आणि पताकांची एवढी लांब माळ तयार केली की ती दादाच्या ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन थोडी उरली. कागदाच्या पताका तिथल्या वाऱ्यात आणि उन्हात टिकल्या नसत्या. हे जाडेभरडे सुती कापड उन्हात जराही विटले नाही. यंदाही तीच माळ तिथे लागणार आहे.

स्वयंपाकघरात खरी परीक्षा होती ती तुपाची. डिसेंबरात सोलापूरला तूप आपोआप थिजलेले असते, ते परातीत घेऊन तळहाताने फेसत गेले की पांढरे, हलके होते आणि नानकटाई त्या हलकेपणावरच उभी राहते. मेलबर्नला आम्ही पोचलो तेव्हा हवा चांगली होती, पण फराळाच्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला. आपल्याकडे उत्तरेचा वारा म्हणजे थंडी. तिथे तो खंडाच्या मधल्या कोरड्या प्रदेशावरून तापून येतो आणि पारा चाळिशीपर्यंत नेतो. तूप पाण्यासारखे पातळ झाले. वहिनीला काळजी वाटली, आईला वाटली नाही.

"अगं, हे तर आपलं मे महिन्याचंच काम," आई म्हणाली. "पहाटे उठायचं आणि ऊन चढायच्या आत हात धुवून मोकळं व्हायचं. कुरडया-पापड आपण काय दुपारी बारा वाजता घालतो का?"

तिने मोठ्या पातेल्यात बर्फाचे पाणी घेतले, त्यावर परात ठेवली आणि चारच्या अंधारात तूप फेसायला बसली. परात गार झाली तसे तूप कडेने पांढरे होऊ लागले. मग तिने एक किलो मैद्याला पाऊण किलो तूप आणि तेवढीच पिठीसाखर या तिच्या नेहमीच्या प्रमाणाने कालवले, थोडा रवा आणि बेसन घातले, वेलदोडे-जायफळ घातले. गोळे वळून झाल्यावर ते थेट ओव्हनमध्ये न घालता पत्र्यासकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले. उन्हाळ्यातल्या नानकटाईचे मर्म या अर्ध्या तासात आहे. गोळा गार असला तर वरचा थर आधी धरतो आणि मग तूप सुटते, त्यामुळे नानकटाई पसरत नाही व तिला वरून हवी तशी भेग पडते. करंजीच्या साट्यालाही, म्हणजे पदर सुटावेत म्हणून पोळ्यांना लावतात त्या तूप-पिठाच्या लेपालाही, हेच लागू आहे. साटा घट्ट राहिला तरच लाटताना पदर वेगळे राहतात, म्हणून वळकट्या कापून झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि लाटायला एकेकच बाहेर काढायची.

उष्णतेने काही कामे सोपीही झाली, हे सांगायला हवे. अनारशाचे तांदूळ आपल्याकडे थंडीत तीन दिवस भिजवावे लागतात आणि तरीही कधीकधी पीठ हवे तसे आंबत नाही. तिथे रोज पाणी बदलून दोनच दिवसांत तांदूळ हाताने मोडू लागले, आणि गूळ घालून ठेवलेला गोळा असा मऊ झाला की अनारशाला जाळी फार सुरेख पडली. खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडल्यावर त्याच्या मधोमध एक बुडबुडा येतो, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा पृष्ठभाग जाळीदार होऊन वर तरंगतो. वहिनी हे झाऱ्याने तूप उडवत बघत होती आणि पहाटेचे पाच वाजले असतानाही कोणाला कंटाळा आला नव्हता. तळणीचे सारे काम सात वाजायच्या आत संपवून आम्ही खिडक्या लावून घेत असू, पडदे ओढत असू आणि दुपारभर घर गार ठेवत असू. अंगणात चूल मांडून तळावे, हा आपल्याकडचा उपाय तिथे चालत नाही. आगीचा धोका असलेल्या दिवशी सरकार उघड्यावर आग पेटवण्यास पूर्ण बंदी घालते, आणि तिथल्या वणव्यांची ताकद माहीत असल्याने लोक ती मनापासून पाळतात.

शेंगाचटणी मात्र दुपारी झाली. भारतीय दुकानातून शेंगदाणे आणले, भाजले, आणि लसूण, तिखट, मीठ घालून पप्पांनी खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटले. मिक्सर होता. पण मिक्सरमध्ये भुकटी होते, चटणी होत नाही, या मतावर आमच्या घरात कोणाचेही दुमत नाही.

सजावटीत मी एका गोष्टीचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला याचा मला आनंद आहे. आमच्या लहानपणी सोलापुरात सुरूच्या झाडाची फांदी आणून तिच्यावर कापसाचा बर्फ लावत असत. हा बर्फ युरोपातल्या शुभेच्छापत्रांवरून आपल्याकडे आला; सोलापूरने तो कधी पाहिलेला नाही, आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, रात्री रानात राहून कळप राखणारे मेंढपाळ आहेत, पण बर्फ नाही आणि ऋतूही सांगितलेला नाही. म्हणून यंदा कापूस नको, असे मी म्हटले. मुलांनी निलगिरीच्या झाडाखाली गळून पडलेल्या सालीच्या लांब पट्ट्या गोळा केल्या आणि त्यांचा गोठा बांधला. पप्पांनी भिजवलेल्या मातीचे मेंढपाळ केले. त्यांच्या डोक्याला उरलेल्या कात्रणांचे फेटे बांधले आणि खांद्यावर आपल्या धनगराची असते तशी घोंगडी दिली. शेजारी पाण्याचा एक इवलासा माठ ठेवला. मला वाटते, आजवर आमच्या घरात झालेली ती सर्वांत खरी गव्हाणी होती.

मेलबर्नला नाताळच्या आदल्या रात्री उघड्या मैदानावर मेणबत्त्या घेऊन हजारो लोक नाताळगीते गातात. नॉर्मन बँक्स नावाच्या रेडिओ निवेदकाने १९३८ साली ही प्रथा सुरू केली आणि ती आजही दूरचित्रवाणीवरून देशभर पोचते. आम्ही तिकडे गेलो नाही. दादाच्या ओळखीची काही मराठी कुटुंबे जमली आणि आमची स्वतःची फेरी निघाली. सोलापुरात ही फेरी मफलर गुंडाळून, पेटी-ढोलकी-खंजिरी घेऊन रात्री उशिरापर्यंत चालते आणि प्रत्येक घरी चहा होतो. मेलबर्नला आठ वाजताही ऊन होते, पुरुषांच्या अंगात सुती कुडते होते, आणि चहाच्या जागी लिंबू सरबत, कोकम सरबत आणि माठातले वाळ्याचे पाणी आले. ओव्या-अभंगांच्या चालीवरची आपली गीते सुरू झाली तेव्हा आजूबाजूची घरे दारात येऊन उभी राहिली. शेवटच्या घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि परत येताना आमच्या दारातली चांदणी दुरून दिसली.

नाताळच्या दिवशी सकाळी उपासना झाली आणि जेवणाचा प्रश्न उभा राहिला. सोलापुरात या दिवशी दुपारी मटणाची बिर्याणी असते, आणि ती चुकवण्याची कल्पनाच कोणाला येत नाही. पण ३८ अंशांत दुपारी बिर्याणी खाऊन कोण उठणार? शेवटी आईने ताटाची वाटणी केली: मटण रात्रीला आणि दुपारी उन्हाळ्याचे जेवण. डिसेंबर हा तिथे आंब्याचा महिना आहे. क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरी या उष्ण भागांतून पेट्या येतात, आणि केन्सिंग्टन प्राइड हा तिथला सर्वांचा आवडता आंबा आहे. हापूसची सर त्याला नाही, पण रस भरपूर निघतो आणि किंचित मीठ, मिरपूड व तूप घातल्यावर पुरीबरोबर फार छान लागतो. तर नाताळच्या दुपारी आमरस-पुरी, दहीभात, काकडीची कोशिंबीर, शेंगाचटणी आणि ताक असे ताट वाढले गेले. आमरसाची वाटी हातात घेऊन पप्पा म्हणाले, की अक्षय्य तृतीया आणि नाताळ एकाच दिवशी जेवण्याचे भाग्य सोलापुरात राहून लाभले नसते. चारच्या सुमारास वारा नैर्ऋत्येकडून फिरला आणि तासाभरात पारा दहा अंशांहून अधिक खाली आला. मेलबर्नचे लोक या बदलाची वाट आपण वळवाच्या पावसाची पाहतो तशीच पाहत असतात. रात्री अंगणात सतरंज्या टाकून, गार हवेत, सर्वांनी बिर्याणी खाल्ली.

फराळाची ताटे शेजारी देण्याबद्दल वहिनी थोडी साशंक होती, कारण तिकडे न सांगता दार वाजवण्याची पद्धत नाही. आईने ऐकले नाही. तिने क्रोशाचे रुमाल घातलेली ताटे नातवंडांच्या हाती दिली आणि त्यांच्या मागे स्वतः गेली. शेजारच्या घरात एक वृद्ध ग्रीक बाई राहतात. मेलबर्नमध्ये ग्रीक वस्ती मोठी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट रिकामे परत केले नाही. त्यात कुराबिएदेस नावाचा त्यांचा नाताळचा पदार्थ होता, तुपालोण्याच्या पिठाचा, बदाम घातलेला आणि वर पिठीसाखरेत घोळलेला. आईने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चव घेतली आणि "ही तर नानकटाईच" असा निवाडा दिला. मग दोघींनी, एकमेकींची भाषा येत नसताना, लोणी केवढे आणि पीठ केवढे हे बोटांनी आणि वाट्यांनी एकमेकींना समजावून सांगितले.

यंदा आम्ही सोलापुरातच आहोत. मंगळवार बाजारातून गूळ, खसखस आणि वेलदोडे आले आहेत, भट्टीवर आमचा नंबर लागला आहे आणि अनारशाचे तांदूळ कालच भिजत घातले. दादाचा रोज फोन येतो. परातीखाली बर्फ किती घ्यायचा, साटा किती वेळ गार करायचा, तांदूळ दोन दिवसांत झाले की नाही हे कसे ओळखायचे, हे सारे आई त्याला सांगते आणि तो लिहून घेतो, कारण या वेळी पहाटे चारला उठून तूप फेसण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे. वेळेचा हिशेबही बसवून ठेवला आहे. २४ तारखेच्या रात्रीची भक्ती आटोपून साडेबाराला आम्ही घरी पोचू, तेव्हा मेलबर्नला सकाळचे सहा वाजलेले असतील. वहिनी आंब्याचा रस काढत असेल, मुले पताकांची माळ ओसरीला बांधत असतील, आणि मोबाइल ओट्यावर उभा करून आई तिथली पहिली पुरी कशी फुगते ते बघणार आहे.