काळ्यात काळं

सोमवारी मुंबईहून मोठे साहेब येणार, तेव्हा सगळ्यांनी फॉर्मल्समध्ये यावं, असा शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला. नवीन घेणार नव्हतेच. माझ्या कपाटाचं दार आताच गुडघा लावून बंद करावं लागतं.

रविवारी दुपारी सगळं पलंगावर मांडलं. दिवाळीचा पांढरा कुर्ता पँटीत खोचून पाहिला, तर पोटाला उशी बांधल्यासारखं दिसायला लागलं. गुळेदगुड्डच्या खणाचं जॅकेट चढवलं, तर थेट हळदीकुंकवाला. शेवटी कधीकाळी मुलाखतीसाठी घेतलेला काळा ब्लेझर आणि नंतर केव्हातरी घेतलेली काळी पँट. आरशात झकास! कपडे वाळत घालायच्या निमित्तानं तशीच बाल्कनीत गेले, तर ब्लेझर निळसर आणि पँट चक्क तपकिरी.

काळा म्हणजे तरी काय, दोन-तीन रंगांची दाट खिचडी. प्रत्येक घाण्याची चव निराळी.

मला हे ठाऊक असायला हवं होतं. लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये आई ब्लाउजपीससाठी दुकानदाराला ताग्यासकट फुटपाथवर आणायची. "ट्यूबखाली सगळंच मॅच होतं हो!" ८० सेंटीमीटर कापडासाठी हा सोहळा. मी शरमेनं रिक्षा मोजत उभी.

बाबांना असले प्रश्न नव्हते. पँटी दोनच, एक राखाडी, एक चॉकलेटी. वर चार बुशशर्टांपैकी कुठलाही चालायचा. 'फॉर्मल' हा शब्द घरात नव्हता, 'हापिसचे कपडे' होते. रविवारी जेवण झालं की पँटीवर पाण्याचा हबका मारून, घडी जुळवून ती गादीखाली जायची आणि वर बाबा स्वतः झोपायचे. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टरच जास्त, अंगाच्या उबेनं आणि वजनानं घडी पक्की धरायची. कधी मात्र एकाच पायावर दोन धारा निघायच्या. "कूस बदललीत ना?" आई विचारायची. बाबा झोपेतल्या गुन्ह्याची कबुली द्यायचे नाहीत.

ते रिटायर झाले त्या वर्षी आईनं दोन्ही पँटी बोहारणीपुढे टाकल्या. तिनं एकेक उचलून दारातल्या उजेडात धरली, बुडाच्या जागी बोटं फिरवली. "विरलीय की वहिनी. आरपार दिसतंय."

"अहो, हापिसात बसूनच काम असायचं त्यांचं."

अर्धा तास घासाघीस झाली. वर एक स्वेटर घातल्यावर पातेलं पदरात पडलं. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

पसारा तसाच टाकून मी चहा ठेवायला उठले. ते पातेलं आता माझ्याकडे असतं.