आधी खोली, मग फ्लाय: सैनिकी क्लबमधला ट्राउट स्पर्धांचा हंगाम

सैन्यातल्या अँगलिंग क्लबचा सभासद झालो तेव्हा मला फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासा पकडणे, येत होते. स्पर्धा खेळणे म्हणजे काय, हे मात्र त्या एका हंगामात समजले. वसंतातल्या निवड चाचणीपासून शरदातल्या आंतरदलीय सामन्यापर्यंतचा तो अनुभव सविस्तर लिहावासा वाटतो, कारण ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाबद्दल जिथे कुठे बोलले जाते तिथे कोणती फ्लाय बांधावी याचीच चर्चा अधिक होते. माझे मत असे झाले आहे की स्पर्धेत फ्लायची निवड दुसऱ्या क्रमांकावर येते. मासा या घटकेला किती खोलीवर आहे, हा पहिला प्रश्न असतो, आणि मोठ्या जलाशयावर त्याचे उत्तर एकट्या माणसाला वेळेत सापडत नाही.

आमचे बहुतेक सामने लॉख पद्धतीने होत. स्कॉटलंडमधल्या लॉख लेव्हनसारख्या तलावांवर एकोणिसाव्या शतकात रुळलेली ही पद्धत आहे. एका होडीत दोन स्पर्धक बसतात, होडी वाऱ्याला आडवी करून मोकळी सोडली जाते आणि वारा नेईल तशी ती वाहत जाते. फेक फक्त होडीच्या पुढे आणि आपापल्या बाजूलाच करायची, मासेमारी चालू असताना उभे राहायचे नाही, आणि अर्धा वेळ झाला की जागांची अदलाबदल करायची. होडीचा वेग आवरण्यासाठी ड्रोग, म्हणजे पाण्यात उघडणारी कापडी छत्री, मागच्या बाजूला सोडतात. लाइफ जॅकेट आणि चश्मा असल्याशिवाय कोणालाही धक्क्यावरून सोडले जात नसे. जोराच्या वाऱ्यात दोन-तीन गळ बांधलेला लीडर, म्हणजे जाड दोरीच्या (लाइनच्या) टोकाचा बारीक धागा, कानाजवळून जातो तेव्हा चश्म्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

होडीतला जोडीदार चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि तो नेहमी दुसऱ्या संघाचा असतो. सैनिकी क्लबमध्ये याचा अर्थ असा की नुकताच भरती झालेला मुलगा आणि वीस वर्षे सेवा झालेला अधिकारी दिवसभर एकाच फळीवर शेजारी शेजारी बसतात, प्रतिस्पर्धी असतात, आणि तरीही होडी कोणत्या किनाऱ्याकडे न्यायची हे त्यांना एकमताने ठरवावे लागते. चाचणीच्या दिवशी माझ्या वाट्याला दुसऱ्या तुकडीचे एक कर्नल आले. होडी सुटताच ते म्हणाले, "इथे हुद्दा नाही. तुमचा मासा माझ्या बाजूला पळाला तर मोकळेपणाने सांगा, मी लाइन आत घेईन." दिवसभर त्यांनी तसेच केले, आणि त्यांचा मासा माझ्याकडे वळला तेव्हा मीही. हे सौजन्य सगळीकडेच पाळले जाते. पण जिथे उरलेला सगळा दिवस सलाम आणि आज्ञा यांत जातो, तिथे त्याची किंमत अधिक जाणवते.

वसंतात पाणी थंड असते आणि ट्राउटचे मुख्य खाद्य म्हणजे कायरोनोमिड कुळातल्या, न चावणाऱ्या डासांसारख्या किड्यांचे कोष. अँगलर त्यांना बझर म्हणतात. यांच्या लाल अळ्या तळाच्या चिखलात राहतात, पुढे त्यांचा कोष होतो आणि तो संथपणे पृष्ठभागाकडे चढू लागतो. हा चढ सुरू असतानाच ट्राउट त्यांना टिपतो. म्हणजे मासा कोणत्याही एका खोलीला बांधलेला नसतो, तो कोषांबरोबर वर सरकतो, आणि सकाळी नऊला बरोबर असलेली खोली अकरा वाजता चुकीची ठरू शकते. यासाठी वेगवेगळ्या वेगाने बुडणाऱ्या लाइन वापरतात. साधी फ्लोटिंग लाइन वर राहते, इंटरमीडिएट हळूहळू उतरते, आणि डीआय-३, डीआय-५, डीआय-७ या नावांतले आकडे ती लाइन सेकंदाला साधारण किती इंच बुडते ते सांगतात. फेक झाली की मनात सेकंदाला एक असे अंक मोजायचे. डीआय-३ वर वीसपर्यंत मोजले तर लाइन साधारण दीड मीटर खाली गेलेली असते. पुढच्या फेकीला तीसपर्यंत, त्यापुढच्या फेकीला चाळीसपर्यंत. मासा लागला की तो अंक लक्षात ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक फेकीला तिथेच थांबायचे. वाऱ्यात याला एक गुंतागुंत असते. होडी स्वतःच्या लाइनकडे वाहत असते, त्यामुळे होडीच्या वेगापेक्षा ओढ, म्हणजे हाताने लाइन आत घेणे, हळू झाली तर लाइन सैल पडते आणि माशाने फ्लाय तोंडात घेऊन थुंकली तरी बोटांना कळत नाही.

सर्वांत जास्त मासे मला ओढीच्या शेवटी मिळाले. लाइन जवळजवळ पूर्ण आत आलेली असते, लीडरवरची सर्वांत वरची फ्लाय पृष्ठभागाच्या जरा खाली दिसू लागते, आणि तिथे रॉड उचलून काही क्षण सगळे स्थिर ठेवायचे. अँगलर याला 'हँग' म्हणतात. बराच वेळ मागे मागे आलेला ट्राउट फ्लाय थांबताच निर्णय घेतो: एकतर वळून जातो, नाहीतर घेतो. पाणी स्वच्छ असेल तर त्याच्या पोटाची पांढुरकी चमक फ्लायखाली तिरपी होताना दिसते, लाइनचे टोक पाण्यावर इंचभर सरकते, आणि तेवढ्यावर रॉड उचलावा लागतो. हे फेकीच्या तंत्रापेक्षा अवघड आहे, कारण शेकडो रिकाम्या फेकींनंतरही त्या काही क्षणांचे लक्ष ढळू द्यायचे नसते.

उन्हाळ्यात सगळे गणित बदलले. आता जलाशयातले रेनबो जातीचे ट्राउट डॅफ्निया खात होते. डॅफ्निया म्हणजे पाण्यात तरंगणारे, टाचणीच्या डोक्याएवढे कवचधारी जीव. प्रखर प्रकाशात ते खोल उतरतात, ढग आले किंवा संध्याकाळ झाली की वर येतात, आणि ट्राउट त्यांच्या मागोमाग जातो. ज्या सामन्यांत ठरावीक संख्येपर्यंत मासे ठेवून त्यांचे वजन करतात, तिथे पहिला मासा मारल्यावर त्याच्या घशातून एक लांब, अरुंद चमचा पोटापर्यंत सरकवून, फिरवून बाहेर काढतात. माझ्या चमच्यात हिरवट-नारिंगी लगदा आला आणि पाण्याच्या वाटीत तो सोडताच त्यातले ठिपके वेगवेगळे झाले. एवढ्या बारीक जिवाची नक्कल गळावर बांधता येत नाही. म्हणून ब्लॉब नावाची, भडक नारिंगी झुबकेदार फ्लाय वापरतात, आणि ती डॅफ्नियाच्या थरातच राहील याची काळजी घेतात. त्यासाठी मला वॉशिंग लाइन पद्धत सर्वांत भरवशाची वाटली. टोकाला फोमचे डोळे असलेली, वर तरंगू पाहणारी बूबी बांधायची आणि मधल्या फ्लाय दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या एकाच पातळीवर लोंबत ठेवायच्या. ढगाची सावली येऊन गेली की मी लाइन बदलत असे, आणि सामन्याच्या भरात हा वेळ वाया जातो असे वाटले तरी ते टाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले तेव्हा क्लबने मासे सोडून द्यायचे सामने थांबवले, आणि ते योग्यच केले. कोमट पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो, झुंजीने दमलेला ट्राउट सोडल्यावर पोहत गेला तरी पुढे जगेलच असे नसते. हंगामाचे गुणपत्रक अपुरे राहिले म्हणून काही जण नाराज होते. माशाच्या जिवावर गुण मिळवण्यात अर्थ नाही, हे समितीने त्यांना समजावून सांगितले.

संघाची खरी बांधणी सरावाच्या दिवशी होत असे. सामन्याच्या आदल्या दिवशी आमचा कर्णधार जलाशयाच्या नकाशाचे भाग पाडून प्रत्येक होडीला एक भाग आणि एक लाइन नेमून देई. ज्याला डीआय-७ दिली त्याने मासे लागोत वा न लागोत, ठरलेल्या वेळेपर्यंत तीच चालवायची. सुरुवातीला हे अनेकांना जाचक वाटे, कारण शेजारच्या होडीत फ्लोटिंग लाइनवर मासे येत असताना खोल पाण्यात रिकामी ओढ काढत राहणे सोपे नसते. पण संध्याकाळी सगळे एकत्र बसत, तेव्हा त्या रिकाम्या ओढींनाही किंमत येई. प्रत्येकाने ठिकाण, वेळ, ढग की ऊन, मोजलेला अंक, फ्लाय आणि लीडरवरचे तिचे स्थान एवढेच सांगायचे. मासा किती मोठा होता आणि कसा निसटला, याला तिथे जागा नव्हती. गस्तीवरून परतल्यावर अहवाल देण्याची सवय अंगात मुरलेली माणसे हे काम उत्तम करतात. मासा कुठे नाही, हेही कोणीतरी खात्रीने सांगू शकल्यामुळे दुसऱ्या दिवशी संघातल्या प्रत्येकाचा पहिला तास वाचत असे. ऐन हंगामात आमच्या दोन चांगल्या खेळाडूंची बदली झाली, एकाला सामन्याच्या आठवड्यात ड्युटीमुळे रजा मिळाली नाही. तरीही संघ विस्कळीत झाला नाही, कारण माहिती कोणा एकाच्या डोक्यात नव्हती, वहीत होती.

मध्ये एक सामना नदीवर झाला, तो आंतरराष्ट्रीय नियमांच्या धर्तीवर. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८१ पासून होत आहेत आणि फिप्स-मूश ही संस्था त्यांचे नियम ठरवते: तीन तासांचे सत्र, गळ बार्बलेस म्हणजे उलटा काटा नसलेला, लीडरवर जास्तीत जास्त तीन फ्लाय, प्रत्येक माशाची लांबी मोजून तो लगेच सोडायचा. प्रत्येक विभागातल्या क्रमांकाइतके गुण मिळतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो, त्यामुळे एका सत्रात रिकाम्या हाताने परतणे फार महाग पडते. मला नदीचा सराव थोडा होता. उथळ, खळाळत्या पाण्यात लहान मासे आधी घेऊन खाते उघडायचे आणि मग खोल डोहाकडे वळायचे, हा क्लबमधल्या एका सार्जंटचा सल्ला मी पाळला आणि मधल्या क्रमांकावर समाधानाने राहिलो.

शरदातला भूदल, नौदल आणि वायुदल यांचा सामना पुन्हा जलाशयावर होता. सरावात आम्हाला दिसले होते की काही मोठे ट्राउट किनाऱ्याजवळच्या पाणवनस्पतींत लहान माशांच्या पिलांवर तुटून पडत आहेत, पण ते मोजके आणि बेभरवशाचे होते. मोकळ्या पाण्यात सुमारे तीन मीटरवर मात्र लहान रेनबोंचा थवा सकाळभर टिकून राहत होता. मोठ्या माशाचा मोह सोडून सर्वांनी डीआय-५ वर पंचवीसपर्यंत मोजायचे, असे संघाचे ठरले. माझा जोडीदार नौदलाचा होता आणि त्याला वनस्पतींच्या कडेला जायचे होते, म्हणून आम्ही पहिला अर्धा दिवस मोकळ्या पाण्यात आणि उरलेला कडेला घालवायचे मान्य केले. माझे सगळे मासे दुपारपूर्वी आले, त्याला दिवसातला सर्वांत मोठा मासा दुपारनंतर मिळाला. संघ म्हणून आम्ही एकूण वजनात पुढे राहिलो, आणि आमचा एकही खेळाडू रिकाम्या हाताने परतला नव्हता. पुढच्या हंगामासाठी कर्णधाराने सरावाच्या दिवसाचे नियोजन माझ्याकडे दिले आहे. पहिला बदल म्हणून प्रत्येक होडीत तापमापक ठेवून खोलीबरोबर पाण्याचे तापमानही वहीत नोंदवायला मी सुरुवात करणार आहे.