हिमाचलमध्ये बर्फ यंदा कधी?

नोव्हेंबर लागला की मनालीला जाणाऱ्या आपल्या लोकांचा एकच प्रश्न असतो, बर्फ मिळेल ना? तर बघा, तिकडचा हिवाळ्यातला बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो, म्हणजे भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणाऱ्या सिस्टिम्स, आणि नोव्हेंबरात त्या बऱ्याचदा कमजोर असतात, मनालीच्या वरच्या रोहतांग खिंडीत (3978 मीटर) पांढरं होईल पण मनाली गावात कोरडंच राहू शकतं. खरा जोर डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत.

त्यात ला निना (प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड होणं) असेल तर थंडी कडक पडते पण बर्फ कमी पडण्याकडे कल असतो, एल निनोला (तेच पाणी नेहमीपेक्षा गरम) साधारण उलट. अर्थात हा नुसता कल झाला, गॅरंटी नाही! जानेवारी 2024 आठवा, एल निनो असूनही काश्मीरमधलं गुलमर्ग जवळपास पूर्ण महिना बर्फाविना उघडं पडलं होतं, बर्फ आला तो महिनाअखेरीस.

मला टुरिस्टांपेक्षा तिकडच्या बागायतदारांची काळजी जास्त वाटते. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात शेकडो तास थंडी लागते, नाहीतर फुलोरा नीट येत नाही, आणि हळूहळू वितळणारा बर्फ उन्हाळ्यापर्यंत जमिनीत ओल धरून ठेवतो.

जाणार असाल तर महिन्याभराच्या अंदाजावर बुकिंग करू नका, हवामान खात्याचा चार-पाच दिवसांचा अंदाज बघा. रोहतांगखालून जाणाऱ्या अटल टनेलमुळे पलीकडचं लाहौल खोरं जवळ आलंय खरं, पण जोरदार बर्फात तो रस्ताही बंद करतात, म्हणून एखादा दिवस हाताशी जास्तीचा ठेवाच.